डावखुऱ्याचे ठिपके

स्क्रीनवर दोन मैदानं शेजारी शेजारी होती आणि त्यातलं एक चुकीचं आहे हे त्या खोलीत फक्त मला कळलं होतं.

मंगळवार, सकाळचे दहा. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, आमचं खेळांचं विश्लेषण करणारं ऑफिस. बुधवारी दुपारी चारला अमेरिकेतल्या एका बेसबॉल क्लबसमोर व्हिडिओ कॉलवर प्रेझेंटेशन होतं, त्याची ही रंगीत तालीम. आमची मॅनेजर हेलन, रिपोर्ट लिहिणारा अनिकेत, बेसबॉलचा जाणकार ग्रेग आणि खुर्चीच्या कडेवर बसलेला मी. मला बोलावलं होतं ते कौतुकानं. त्या रिपोर्टसाठी सगळे व्हिडिओ मी पाहिले होते.

बेसबॉलमध्ये ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल. आपला खेळाडू द्यायचा, समोरच्या क्लबचे घ्यायचे. खेळाडूला बहुतेक वेळा कुणी विचारतही नाही. या क्लबनं आपला स्टार दिला होता आणि बदल्यात तीन तरुण पोरं घेतली होती. नावं बाहेर सांगायची नाहीत असा करार आहे, म्हणून मी त्याला स्टारच म्हणतो. त्यांच्या गावातले लोक चिडले होते. एक सीझन उलटल्यावर क्लबच्या मालकिणीला बाहेरच्या माणसाकडून उत्तर हवं होतं, की हा ट्रेड फायद्याचा ठरला का.

आमच्या किचनमध्ये चहाच्या वेळी तीन आठवडे याच्यावरच वाद चालला होता. अनिकेत पुण्याचा, डेटा सायन्समध्ये मास्टर्स, वय सत्तावीस. त्याचं म्हणणं, स्टारचे चांगले दिवस संपत आलेत, क्लबनं वेळेवर सोडला, पोरांपुढे दहा वर्षं आहेत. ग्रेग इथल्याच रीडिंग गावचा, साठीला आलेला, अजून रविवारी हौशी टीमकडून खेळतो. तो म्हणायचा, स्टारला या वर्षी नशिबानं साथ दिली नाही, इतकंच. मारलेले बॉल सरळ फील्डरच्या हातात गेले. बॅट पूर्वीइतकीच जलद आहे, मी डोळ्यांनी बघतोय. एकदा त्यानं अनिकेतला विचारलं, तू आयुष्यात बेसबॉल हातात तरी घेतलायस का. अनिकेत शांतपणे म्हणाला, हवामान खात्यातल्या माणसाला पावसात भिजावं लागत नाही.

स्क्रीनवरची दोन मैदानं हे अनिकेतचं शेवटचं उत्तर होतं. बेसबॉलचं मैदान उघडलेल्या घडीच्या पंख्यासारखं असतं. बॅटर मुठीशी उभा असतो आणि मैदान त्याच्यासमोर पसरतं. स्टार डावखुरा. डावखुऱ्यानं वेळेवर, जोरात बॅट फिरवली की बॉल उजवीकडे जातो. बॅट उशिरा आली की डावीकडे. ट्रेडच्या आधीच्या सीझनमध्ये त्यानं मारलेला प्रत्येक बॉल जिथं पडला तिथले ठिपके उजव्या बाजूला दाटीनं होते. ट्रेडनंतरच्या सीझनमध्ये डाव्या बाजूला. म्हणजे बॅट मंदावली, म्हणजे ट्रेड योग्य. ग्रेग चष्मा पुसत बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, मग माझेच डोळे म्हातारे झाले असतील.

माझं लक्ष एका ठिपक्यावर होतं. ट्रेडनंतरच्या मैदानात, डावीकडे, कुंपणाच्या पार बाहेर. तो बॉल मला आठवत होता. कुंपणापलीकडे एक पिवळी स्कूल बस उभी होती, तिच्या टपावर तो आपटला आणि ड्रायव्हर धावत बाहेर आला. मी ती क्लिप तीनदा पाहिली होती, कामासाठी नव्हे, मजा म्हणून. ती बस उजवीकडे होती.

तो ठिपका मीच टाकला होता. सगळेच मी टाकले होते.

माझं काम टॅगिंग. मोठ्या लीगमध्ये बॉल कुठे पडला हे कॅमेरे आपोआप टिपतात. या खालच्या लीगमध्ये तशी सोय नाही. म्हणून एक माणूस व्हिडिओ बघतो, प्रत्येक बॉलला थांबतो, कसा टाकला, कसा मारला ते नोंदवतो आणि स्क्रीनवरच्या मैदानात माउसनं ठिपका ठेवतो. तो माणूस मी.

ही नोकरी मला कशी मिळाली ते सांगायला हवं. मी नववीतून शाळा सोडली. जयसिंगपूरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो आणि रविवारी टेनिस बॉल क्रिकेटच्या टूर्नामेंटचं स्कोअरिंग करायचो. माझी बायको वैशाली नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तिच्या व्हिसावर मी आलो. दीड वर्ष वेअरहाऊसमध्ये खोके उचलले, कंबर गेली. मग या कंपनीची जाहिरात दिसली. इंटरव्ह्यूला सर्टिफिकेट म्हणून दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, तर मी स्कोअरिंगच्या दोन वह्या घेऊन गेलो. हेलननं त्या अर्धा तास चाळल्या. मराठी तिला वाचता येत नव्हतं, पण म्हणाली, हा माणूस एक बॉल सोडत नाही. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर घेतलं. ते येत्या शुक्रवारी संपत होतं. या बाईचे उपकार मी विसरू शकत नाही, आणि तिच्याच रिपोर्टमध्ये मी ही घाण केली होती.

मीटिंग संपली. मी डेस्कवर येऊन क्लिपा उघडल्या. पहिली उलटी. दुसरी बरोबर. तिसरी, चौथी उलट्या. कारण कळायला वेळ लागला नाही. क्रिकेटमध्ये डावखुरा आला की ऑफ आणि लेग बाजू बदलतात. मी वहीत प्रत्येक बॅट्समनसाठी एक छोटं मैदान काढायचो आणि त्यात ऑफ साइड नेहमी उजवीकडे ठेवायचो, म्हणजे एका नजरेत कळतं. डावखुरा आला की डोक्यात मैदान उलटं करून घ्यायचो. वीस वर्षं हेच केलं. बेसबॉलमध्ये तसं नसतं. डावं मैदान ते डावं, उजवं ते उजवं, बॅटर कसाही उभा असो. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत मी भीतभीत, एकेक ठिपका तपासून टाकायचो. ट्रेडच्या आधीच्या सीझनचं टॅगिंग त्या काळात झालं. मग हाताला वेग आला, हेलननं शाबासकी दिली, माझं काम दुसऱ्याकडून तपासून घेणं कमी केलं. आणि माझा हात जयसिंगपूरला परत गेला.

मी दोन तास काही बोललो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. टॉयलेटमध्ये जाऊन दोनदा तोंड धुतलं. वैशालीला मेसेज टाइप केला, पाठवला नाही, ती वॉर्डात होती. मनात एकच चित्र: वेअरहाऊसमधले खोके, सरकता पट्टा, सुपरवायझरची शिट्टी. आणि त्याच्यापुढे हेलनचा चेहरा, की या माणसाला घ्यायलाच नको होतं. कुणाला कळणार आहे, असंही मनात आलं. अमेरिकेत बसून चारशेच्या वर क्लिपा कोण बघतंय.

शेवटी अनिकेतकडे गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप हळूच बंद केला.

"दादा, आर यू शुअर?"

"बस उजवीकडे होती."

"कुठली बस?"

मी क्लिप दाखवली. तो पाहत राहिला. मग म्हणाला, "ओके, डोन्ट पॅनिक. सगळे लेफ्टी फ्लिप करून टाकतो. एक लाइनचा कोड आहे."

"सगळे उलटे नाहीत रे. जिथं बॉल हळू गेला तिथं मी नीट बघून टाकलाय. तू सरसकट उलटवलंस तर जे बरोबर आहेत ते चुकतील."

"मग कुठले चुकलेत ते कसं कळणार?"

"परत बघून."

त्यानं कपाळावर हात मारला. त्याचा पूर्ण निष्कर्ष त्या एका चित्रावर उभा होता. मला वाटलं, आता हा म्हणेल गप्प बसू. तो तसं म्हणाला नाही. म्हणाला, "हेलनला तुम्ही सांगायचं. मी सोबत येतो, पण तोंड मी उघडणार नाही."

हेलनच्या केबिनमध्ये मी उभाच राहिलो. माझं इंग्लिश घाबरलो की तुकड्यातुकड्यांत येतं. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तुला हे कधी कळलं?"

"दहा वाजता. मीटिंगमध्ये."

"आता बारा वाजून गेलेत, सुरेश."

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं दार उघडून ग्रेगला हाक मारली, चार खुर्च्या लावायला सांगितल्या आणि डावखुऱ्यांच्या सगळ्या क्लिपा चौघांत वाटून घेतल्या. प्रत्येक ठिपका दोघांनी पाहायचा. माझ्या वाटणीच्या क्लिपा तपासायला ती स्वतः बसली. दुपारभर तिच्या शेजारी बसून मी माझीच चूक बघत होतो. ती फक्त "डावं" किंवा "उजवं" म्हणायची. मधे एकदा ग्रेगनं मोठ्यानं विचारलं, म्हणजे माझे डोळे ठीक आहेत तर. कुणी हसलं नाही, मग तोच हसला.

बुधवारी अकराला काम संपलं. दोन्ही मैदानं आता जवळजवळ सारखी दिसत होती. स्टारची बॅट मंदावली नव्हती. तीन पोरांपैकी एक चांगला निघाला होता, दोघं कच्चे होते. अनिकेतनं रिपोर्टचं शेवटचं पान खोडून परत लिहिलं: ट्रेडचा फायदा अजून झालेला नाही, आणि स्टार संपलेला नाही. लिहिताना तो ग्रेगकडे बघत नव्हता. प्रेझेंटेशनच्या दुसऱ्या स्लाइडवर हेलननं आमची चूक घातली. आदल्या दिवसापर्यंत डावखुऱ्यांच्या बऱ्याच नोंदी उलट्या होत्या, सगळ्या परत तपासल्या, असं स्वच्छ लिहिलं. मी म्हटलं, हे त्यांना दाखवायलाच हवं का. ती म्हणाली, मागच्या आठवड्यात त्यांना कच्चा ड्राफ्ट गेलाय. त्यात उत्तर उलटं होतं.

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे मी गप्प राहिलो असतो तरी आणि लगेच सांगितलं असतं तरी, ते उलटं उत्तर त्यांच्या हातात आधीच पोचलेलं होतं.

चारला कॉल सुरू झाला. तिकडे दोन माणसं. क्लबची मालकीण, पांढऱ्या केसांची, आणि ज्यानं ट्रेड केला तो जनरल मॅनेजर. ड्राफ्टनं त्याला वाचवलं होतं. दुसरी स्लाइड येताच त्यानं हाताची घडी घातली.

"आठवड्यात उत्तर बदललं," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात परत बदलणार नाही कशावरून?"

हेलन म्हणाली, "हे ज्यानं पाहिलंय त्यालाच विचारा." आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

वाक्य जुळवलेलं नव्हतं. मी म्हणालो, चूक माझी आहे. मी क्रिकेटचा स्कोअरर आहे, डावखुऱ्याला माझा हात मैदान उलटं करतो. आता प्रत्येक बॉल दोन माणसांनी पाहिलाय. तुम्हाला हवी ती क्लिप सांगा, आत्ता लावतो.

त्यानं खरंच सांगितली. एक नाही, सहा. सहाही मी लावल्या. सहाही बरोबर होत्या. प्रत्येक वेळी बॉल बॅटला लागण्याआधी मला वाटायचं, त्या वर्षभरापूर्वीच्या मॅचमध्ये तो बॉल ऐन वेळी दिशा बदलेल. सहाव्यानंतर मालकीण म्हणाली, पुरे. मग ती त्याच्याशी बोलायला लागली आणि हेलननं आमचा आवाज बंद केला.

शुक्रवारी प्रोबेशनचा निकाल आला. कायम केलं नाही, काढलंही नाही. आणखी तीन महिने. कारणाच्या रकान्यात हेलननं चूक लिहिली होती आणि त्याखाली 'कळवायला दोन तास उशीर'. त्या क्लबनं पुढच्या सीझनचं काम आम्हाला दिलं की नाही, ते अजून कळलेलं नाही. ऑफिसात नवीन नियम झाला: डावखुऱ्याचा प्रत्येक ठिपका दुसऱ्यानं तपासायचा. माझ्यामुळे सगळ्यांचं काम वाढलं आणि मला कुणी तसं बोललं नाही, याची मला रोज भीतीही वाटते आणि बरंही वाटतं.

चूक सांगितली की नोकरी वाचते, असं मी कुणाला सांगणार नाही. माझी तूर्त वाचली आहे, इतकंच. दहा वाजता सांगितली असती तर दुरुस्तीला दोन तास जास्त मिळाले असते, आणि त्या कागदावर एक ओळ कमी असती.