निकाल सोडा म्हणणारे सर

चढाई करणारा गडी रेषा ओलांडून आत शिरला की सगळं मैदान त्याच्याकडे बघतं. तुम्हीही तेच केलं असेल. आमचे सर मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. ते बघत समोरच्या साखळीकडे. मान वाकडी, चष्मा कपाळावर चढवलेला. कोणी कोणाचा हात धरलाय, मनगट धरलंय की नुसती बोटं, एवढंच त्यांना पाहायचं असे. डाव संपून शिट्टी वाजली, की मी ओरडायचो, "पाह्यलं का सर, कसा आडवा पाडला त्याले?"

"निकाल सोडा हो भाऊ," ते म्हणायचे. "उभं कोण कोणाजवळ होतं, ते सांगा."

दिग्रसला एका कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवत. मूळचे बोरी अरबचे. वर्गात पुस्तकातली मराठी बोलत, मैदानावर आले की आमची. खेळ समाजात नेमकं काय काम करतो, या विषयावर त्यांचा पीएच.डी.चा अभ्यास चालला होता. स्टाफरूममध्ये त्यांची टिंगल होई. "कबड्डीवर पीएच.डी.? मग पुढं विटीदांडूवर डी.लिट. करा." हे ते मलाच हसत हसत सांगत. "मी म्हटलं, करतो नं बाप्पा. विटीदांडूत का समाज कमी हाय?"

मी बैलबाजारातला दलाल. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून अंगावरच्या कपड्यानिशी आलो आणि जिभेच्या जोरावर उभा राहिलो. जीभ तिखट आहे, हे मला लोकांनी सांगायची गरज नाही. आमच्याकडे सौदा तोंडानं होत नाही. दुपट्टा टाकायचा, त्याखाली दलालानं आधी विकणाऱ्याची, मग घेणाऱ्याची बोटं दाबून भाव ठरवायचा. बाहेर उभे राहणारे कितीही हुशार असोत, त्यांना फक्त कापड हलताना दिसतं.

एका बाजारी असा सौदा रंगात आला असताना हे गृहस्थ अगदी कानाशी येऊन उभे राहिले. मी तडकलो. "काय पाह्यता? बैल घ्याचा हाय का?"

"नाही. तुमचा हात पाह्यतो."

"हात पाह्याचा असन तं ज्योतिषाकडं जा. कायले माझा सौदा मोडता?"

ते हलले नाहीत. सौदा उरकेपर्यंत थांबले आणि मग विचारलं, "तुम्ही जिनिंगच्या संघात लेफ्ट कॉर्नरले खेळत होते नं? तुमच्या बाजूले कोण राह्यचं?"

मला इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारत, किती जणांना पकडलंस. मी चहा मागवला.

माझ्या बाजूला बौद्धपुऱ्यातला गडी असायचा. तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा. त्याच्या पलीकडे मुसलमान मोहल्ल्यातला, मध्ये तीन कुणबी, उजव्या कोपऱ्याला एक कोलाम आदिवासी. जिनिंगचा मालक शर्ट द्यायचा, जिनिंगचं नाव छातीवर असायचं, आणि आम्ही त्या नावाचे होतो. बाजूवाल्याच्या हाताला सरकीच्या तेलाचा वास यायचा. त्याचं मनगट माझ्या मुठीत किती मावतं, हे मला आजही सांगता येईल. मात्र त्याच्या घरचं पाणी आमची याडी, म्हणजे आई, प्यायली नसती, आणि मी ते तिला कधी सांगितलंही नाही.

"हेच!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "हेच मले पाह्यजे होतं."

त्यानंतर दरवर्षीच्या खुल्या सामन्यांना आम्ही शेजारी बसू लागलो. खाली, सतरंजीवर. या सामन्यांची शील्ड दरवर्षी माझ्या पैशानं यायची; मंचावर खुर्ची मात्र कधी माझी नसायची. सामन्यांचे अध्यक्ष मोठ्या घरचे, मी दलाल. शील्ड घेताना त्यांना दलाल चालतो, बसवताना चालत नाही. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. सरांना मंचावर बोलावत. ते जात नसत. म्हणत, "तिथून पाय दिसतात भाऊ. हात दिसत नाही."

मग कापसाची ती वर्षं आली. तुम्ही पेपरात वाचली, मी बाजारात पाहिली. पेरणी तोंडावर असताना माणसं बैल विकायला आणू लागली. दुपट्ट्याखाली समोरच्याचा हात गार लागायचा. मी कितीही कमी दाबलं तरी समोरची बोटं होच म्हणायची. घासाघीस करायलाही समोर कोणी उरलं नाही. जिनिंग एकामागून एक बंद पडल्या. आमच्याही जिनिंगला कुलूप लागलं आणि तो संघ पोरका झाला.

सर बेचैन झाले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. गावात वेगवेगळ्या लोकांनी एकमेकांचा हात धरावा अशी एकच जागा उरली आहे, आणि तीही जिनिंगच्या भरवशावर होती. ती गेली तर परत यायची नाही. संघ जगवायचा म्हणून ते तांड्यावर गेले, बौद्धपुऱ्यात गेले, मोहल्ल्यात जाऊन आयांशी बोलले. शर्ट स्वतः शिवून घेतले. त्यावर फक्त 'दिग्रस' लिहिलं. अभ्यासकानं असं मध्ये पडायचं नसतं म्हणे. त्यांचे विद्यापीठातले गुरू त्यावरून रागावले. सर म्हणाले, "घर जळून राह्यलं अन् मी फक्त धूर मोजू काय?"

संघ उभा राहिला आणि अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्या दुपारी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. सामन्याआधी अध्यक्षांनी सरांच्या हातात माईक दिला. ते पहिल्यांदा मंचावर चढले. आनंदात होते बिचारे. एकेका खेळाडूकडे बोट दाखवून सांगू लागले, "हा तांड्याचा. हा बौद्धपुऱ्यातला. हा मोहल्ल्यातला. हा कोलाम. बघा, हे सगळे एका साखळीत!"

टाळ्या प्रचंड झाल्या. पण मी पोरांचे चेहरे पाहत होतो. ती इतके दिवस फक्त खेळत होती. आता ती डावी-उजवीकडे बघू लागली.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी मोहल्ल्यातल्या पोराचा हात सुटला आणि चढाईवाला निसटला. हात कोणाचाही सुटतो. माझाही सुटला होता, तेव्हा लोक म्हणाले होते, लेफ्ट कॉर्नर चुकला. या वेळी गर्दीतून आवाज आला, "अबे, त्यायचाच पोट्टा होता! मुद्दाम सोडला!" कोण कोणाचा, हे थोड्याच वेळापूर्वी माईकवरून सगळ्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर बाजारात आले. माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक त्यांनी चिमटीत धरलं. म्हणाले, "भाऊ, कापडाखालचा भाव मी तोंडानं बोललो."

"काही बी बोलू नका," मी खेकसलो. "तुम्ही नसते बोलले तरी झालं असतं. जिनिंग बंद पडल्या, तिथंच सारं संपलं."

"झालं असतं. पण मी केलं."

मी त्यांच्याशी तासभर भांडलो. आयुष्यात मी मरतुकडा बैलही गळ्यात मारला आहे, पण त्या माणसाच्या गळी एवढीशी गोष्ट उतरवू शकलो नाही.

पुढच्या वर्षी पाच संघ आले, प्रत्येक समाजाचा वेगळा. शर्टांना तोटा नव्हता. प्रत्येक समाजाचा पुढारी शर्ट घेऊन तयारच होता. सर आले नाहीत. त्यांनी अभ्यासही सोडला. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसत. मी मुद्दाम एखाद्या सामन्याची गोष्ट काढायचो. ते ऐकून घ्यायचे. कोण कोणाजवळ उभं होतं, हे विचारत नसत. एकदा मीच चिडून म्हटलं, "विचारा नं सर! काहून नाही विचारत?" तर म्हणाले, "जिंकलं कोण?"

त्या दिवशी मी खरा घाबरलो.

उन्हाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

हिवाळ्यात अध्यक्ष स्वतः माझ्याकडे आले. सरांच्या नावानं स्मृतिचषक सामने भरवायचे होते, शील्ड माझ्याकडून पाहिजे होती. मी पत्रक पाहिलं. समाजवार संघ. प्रवेश ज्या त्या समाजाच्या मंडळामार्फत.

"हे सरांच्या नावानं?" मी म्हटलं. "शरम नाही वाटत?"

"काहून तापता शेठ?" अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "सरांनीच सांगितलं होतं नं त्या भाषणात? सगळे समाज कबड्डीत आले पाह्यजे म्हणून. आम्ही कोणालेच सोडलं नाही."

मी त्यांचा गळा धरायला उठलो, लोकांनी मला बसवलं. शील्ड दिली नाही. तिच्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

सामन्यांना जायचं नाही असं ठरवलं होतं. पण सरांच्या पत्नीनं, वहिनींनी, निरोप पाठवला, "मले तिथं कोणी ओळखीचं नाही, तुम्ही या." म्हणून गेलो. आणि त्या दिवशी मला मंचावर खुर्ची मिळाली, वहिनींच्या शेजारी, त्यांचा माणूस म्हणून. मागं सरांचा हार घातलेला फोटो होता. खाली मैदानात दोन समाज एकमेकांना भिडले होते आणि त्यांच्या मागे दोन समाज घोषणा देत होते. पोलीसही होते.

वहिनींना कबड्डीतलं काही कळत नाही. आयुष्यभर नवऱ्याचे मातीनं भरलेले कपडे धुतले, एवढाच त्यांचा संबंध. एवढी गर्दी, एवढे झेंडे, कमानीवर नवऱ्याचं नाव, हे पाहून त्यांचे डोळे भरून आले. पदर सावरत त्या माझ्याकडे वळल्या.

"ह्यायले लई बरं वाटलं असतं नं, भाऊ?"

मंचावरून खाली उडी मारावी, माईक ओढून घ्यावा, असं मला त्या क्षणी वाटलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"लई बरं वाटलं असतं, वहिनी," मी म्हणालो.

माईकवरून विजेत्या समाजाचं नाव पुकारलं गेलं, आणि चषक द्यायला वहिनी उठून उभ्या राहिल्या.