चिंचेच्या पाण्यातलं इंजिन

माझा भाऊ मूर्ख नाही, हे आधीच सांगते. मूर्ख असता तर मी इतकी चिडले नसते. चांगला शिकलेला, नांदेडला नवं घर बांधलेला माणूस. आणि त्यानं खंडेनवमीच्या सकाळी आप्पांचं पितळी इंजिन चिंचेच्या पाण्यात बुडवलं.

आप्पा म्हणजे आमचे वडील. मुदखेडला कोळशाच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तेव्हा मी त्यांना लातूरला माझ्याकडे आणलं. सोबत वळकटी, गळ्यातलं इष्टलिंग आणि ते इंजिन. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबानं ते त्यांना दिलं होतं. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, आत विजेवर चालणारी मोटार. फळीवर गोल रूळ ठोकलेले आणि शेजारी वेग कमीजास्त करायचं बटण. त्या बटणाला आप्पा रेग्युलेटर म्हणत. रोज संध्याकाळी ते फळीपाशी बसत, गाडी अगदी सावकाश सोडत आणि कान देऊन ऐकत. जेवायला वाढायचं मी, कपडे द्यायचे मी, बाहेर न्यायचं मी. त्यांच्या स्वतःच्या हातात एवढं एकच उरलं होतं.

उस्मानाबादमधून फुटून लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कलेक्टर कचेरीची पाटी नवी कोरी आणि नळ कोरडे ठाक. त्या दुष्काळात दसऱ्याची भांडी मी नुसत्या राखेनं घासून फडक्यानं पुसली होती. टँकरचं पाणी रांजणात जपून ठेवलेलं. भाऊ आल्या आल्या म्हणाला, जिल्हा झालात, आता तरी आंघोळी करा. मला हसू आलं नाही. मी फुलं आणायला गेले आणि परत येईपर्यंत या गृहस्थानं रांजणातलं पाणी घमेल्यात ओतलं, त्यात चिंच कालवली आणि समया, तांब्यांबरोबर इंजिनही घासून काढलं. वर मलाच ऐकवलं की पितळ ते पितळ. आप्पा ते वर्षभर तेलाच्या चिंधीनं पुसत, खंडेनवमीला हळदीकुंकवाचं एक बोट लावत. पाण्याचा थेंब त्यांनी त्याला कधी लागू दिला नव्हता.

इंजिन चकाकलं, यात वाद नाही. भावानं ते ओलंच रुळावर ठेवलं आणि बटण थेट शेवटपर्यंत पिळलं. चाक हललं नाही. जळका वास तेवढा घरभर झाला.

आप्पांना वासावरूनच कळलं. भाऊ म्हणाला, "आता बंदच पडलंय तर मी नेतो. नव्या घरात शोकेस हाय, तिथं लई शोभंल. भाऊबीजेला येताना खोकं आणतो." आणि आप्पांनी मान हलवली. भावाचा राग आलाच होता, पण त्या मान हलवण्याचा जास्त आला. ज्या माणसानं भरलेली मालगाडी चढावर ओढली, तो आता पोरगा म्हणेल त्याला होकार देत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. डाख द्यायला, म्हणजे कथिलानं तारा जोडायला, येत होतं. मोटार बाहेर काढली तर तारेचं वेटोळं काळं ठिक्कर आणि त्यात चिंचेचा चोथा अडकलेला. तो नखानं काढताना मी भावाला काय काय म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. चाकांचे दाते फिरवणारी पेचदार दांडी मात्र शाबूत होती. गोलाईच्या बाजारातल्या एका दुकानात मोडक्या टेपरेकॉर्डरमधली मोटार मिळाली. दुकानदारानं विचारलं, खेळण्याला पाहिजे का? मी पैसे मोजले. दांडी नव्या मोटारीवर बसवून डाख दिला. इंजिनाच्या पोटात मोटार सैल होत होती म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. चाकं फिरली. मी आप्पांना हाताला धरून फळीपाशी आणलं.

त्यांनी रेग्युलेटर हळूच फिरवला. काही नाही. आणखी थोडा फिरवला, आणि इंजिन एकदम उसळी मारून सुसाट निघालं. आप्पांनी लगेच बंद केलं.

"ही गाडी सुटत न्हाई, पळून जाती," ते म्हणाले. "राहू दे. नेऊ दे त्याला."

ते उठायला लागले तशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आप्पा, तुमचे डोळे गेलेत, हात न्हाई गेले. बसा."

माझा आवाज चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. ते बसले. मी त्यांच्यासमोरच मोटार पुन्हा उघडली. टेपमधलं गाणं कमीजास्त ओढलं जाऊ नये म्हणून ती मोटार एकाच वेगानं फिरते. वेग धरून ठेवणारी एक बारकी पट्टी तिच्या आत असते. ती उपटून टाकली आणि तारा सरळ जोडल्या. या वेळी आप्पांनी बटण जरासं हलवलं आणि चाकं इतकी संथ फिरली की मला वाटलं अडकली. आप्पांनी मान कलती केली. मग त्यांनी तेलाची चिंधी मागितली.

भाऊबीजेला भाऊ स्पंज लावलेलं खोकं घेऊन हजर. इंजिन चालतंय म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "काय करून राहिलीस गं तू हे? चाललं काय अन् न चाललं काय, आप्पांना कुठं दिसतंय?"

ओवाळायचं ताट माझ्या हातात होतं. मी ते खाली ठेवलं. पण मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले.

"तुला दिसतंय ना? मग बघ."

आणि त्यांनी गाडी सोडली, नेहमीपेक्षाही हळू. भाऊ खोकं छातीशी धरून उभा राहिला. मध्येच त्यानं घड्याळ पाहिलं. आप्पांनी वेग वाढवला नाही. फेरी पुरी झाल्यावरच मी ताट उचललं आणि रीत म्हणून त्याला ओवाळलं.

पुढे आप्पा गेले. त्यांना माती देऊन लोक परतले, अंगणात सतरंज्या पडल्या होत्या, आणि भावानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ते अजून चालतं का. मी त्याला फळीपाशी नेलं. आप्पा फिरवायचे तितकाच हळू रेग्युलेटर फिरवला आणि पूर्ण फेरी होईपर्यंत त्याला तिथून हलू दिलं नाही.