हलका ठोका

माझ्या वहिनीच्या पिस्तुलाचा ट्रिगर जड होता. तिला कॉलेजात एनसीसीमध्ये नेमबाजीची गोडी लागली होती. लग्नानंतर ती बडोद्याला मांजलपूरमध्ये आमच्या घरात आली आणि तिने पुन्हा रेंजवर जायचं नाव काढलं, तेव्हा आई म्हणाली, "आपले पूर्वज बडोदे सरकारच्या फौजेत होते म्हणे. घरातल्या कुणाला तरी बंदूक धरता येऊ दे." फक्त एकटीने जायचं नाही, अशी अट घातली. म्हणून रविवारी पहाटे मी तिच्या स्कूटरवर मागे बसायचे. त्या काळात बडोद्यात रोज नवी दुकानं, नव्या गाड्या दिसत होत्या, पण चांगली काडतुसं मिळणं मात्र तसंच अवघड राहिलं होतं.

पिस्तूल एका निवृत्त नेमबाजाकडून घेतलेलं, पॉइंट टू-टूचं. मूठ वहिनीच्या लहान हातासाठी मोठी होती, ती तिने स्वतः कानस घेऊन, पुट्टी भरून बेतली. ट्रिगरचं मात्र तिला काही करता येईना. सामन्याच्या शेवटाकडे तिचं बोट थरथरायला लागायचं.

दादा एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. यंत्र बिघडलं की त्याचे डोळे चमकत. एका दुपारी त्याने पिस्तूल जेवणाच्या टेबलावर उघडलं आणि घोड्यामागची स्प्रिंग काढून तिथे एक मऊ स्प्रिंग बसवली. ट्रिगर ओढला की घोडा सुटतो, तो पिनवर आपटतो आणि पिन काडतुसाच्या कडेवर ठोका मारते, तेव्हा गोळी सुटते. घोड्याला पुढे ढकलणारा स्प्रिंगचा जोर कमी झाला, की ट्रिगरही हलका होतो.

वहिनीने रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढून पाहिला आणि हसली. "अहो, हे तर लोण्यासारखं झालं!"

दादा त्या दिवशी किती खूश होता! पुढचे काही महिने वहिनीचा स्कोअर चढतच गेला. रेंजवरचे लोक तिला थांबवून, असं केलंस तरी काय म्हणून विचारू लागले, "बेन, शुं कर्युं?" ती म्हणायची, "मेंटेनन्सवाले घरचेच आहेत."

थंडी पडली आणि एका पहाटे तिने ट्रिगर ओढला तर नुसतं टिक झालं. तिने नियमाप्रमाणे पिस्तूल निशाण्याकडेच धरून ठेवलं, मोकळा हात वर केला, मग काडतूस बाहेर काढलं. गोळी जागच्या जागी. घरी दादा म्हणाला, "काडतूस खराब असेल." पुढच्या वेळी रेंजवर शेजारच्या नेमबाजाची काडतुसं मागून घेतली, ती सगळी सुटली. झालं, दोष काडतुसांचाच, असं ठरलं. मग वहिनीने दुसऱ्या कंपनीची आणली. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा टिक. कुणी म्हणालं, पिनच्या वाटेत तेल थिजत असेल. दादाने पिस्तूल रॉकेलने धुऊन कोरडं केलं. फरक पडल्यासारखा वाटला, पण तेवढाच.

त्याने सगळं तपासलं. फक्त स्वतः बसवलेली स्प्रिंग तपासली नाही. ती तर सुधारणा होती ना.

मग एक दिवस दादा रेंजवर आला, तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं की, बायका पिस्तूल ढिलं धरतात, म्हणून असं होतं. दादाने ते घरी येऊन जसंच्या तसं म्हटलं. "तू ढिलं धरतेस बहुतेक. घट्ट धरून बघ."

पुढच्या रविवारी वहिनी मूठ इतकी आवळून धरत होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आणि त्यात एक वाईट गोष्ट घडली. एरवी गोळी सुटली की धक्क्यात हात हललेला कळत नाही. गोळी सुटली नाही की मात्र सगळं उघडं पडतं. तिने ट्रिगर ओढला, टिक झालं, आणि पिस्तुलाचं तोंड खाली झुकलं. मी मागून पाहिलं. तिनेही पाहिलं.

"बघितलंस?" ती मला म्हणाली. "मी दचकते आहे. दोष माझाच आहे."

तसा तो नव्हता. दर वेळी टिकची वाट बघून बघून तिचा हात आधीच सावध व्हायला लागला होता. पण हे तेव्हा आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

अहमदाबादच्या राज्य स्पर्धेत संथ फेरी चांगली गेली. जलद फेरीत निशाणा वळून समोर येतो, तीन सेकंद दिसतो, तेवढ्यात हात उचलून एक गोळी मारायची. तिथे पहिल्यांदा टिक झालं तेव्हा पंचांनी ती पाच गोळ्यांची मालिका पुन्हा खेळू दिली. दुसऱ्यांदा झालं तेव्हा सवलत नव्हती. पुढच्या गोळ्या कुठे गेल्या ते मी दुर्बिणीतून बघू शकले नाही. राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता हुकली. परतीच्या गाडीत वहिनीने डबा उघडला, थेपले आम्हाला वाढले, स्वतः एकही खाल्ला नाही. आणंद गेल्यावर म्हणाली, "बास आता. मला नाही जमत." दादा म्हणाला, "बघू," आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

त्यानंतर तिने रेंजचं नाव काढलं नाही. भाची झाली, दिवस तिच्यामागे जाऊ लागले. पुढे पिस्तूल विकायचं ठरलं तेव्हा समा भागातली एक परवानाधारक मुलगी ते पाहायला रेंजवर आली. वहिनी आली नाही, मी आणि दादा गेलो. मुलीने पहिल्याच मालिकेत ट्रिगर ओढला आणि तोच आवाज झाला.

मुलीची पकड चांगली भक्कम होती. दादाने ते काडतूस उचललं, एका सुटलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी शेजारी धरली आणि चष्मा वर करून बघत राहिला. सुटलेल्यावर पिनने पाडलेला खड्डाही उथळच होता, न सुटलेल्यावरचा जेमतेम नखाने दाबल्यासारखा. त्याने तेच काडतूस थोडं फिरवून पुन्हा भरायला सांगितलं. या वेळी ते सुटलं. म्हणजे काडतूस चांगलं होतं, ठोकाच कमी पडत होता. काडतुसाच्या कडेचं पितळ पातळ असलं तर चालून जायचं, जाड असलं की अडायचं. दादाने घरून जुनी स्प्रिंग आणून बसवली. मुलगी संध्याकाळपर्यंत गोळ्या मारत होती. एकदाही अडलं नाही. दादा बाकावर बसून प्रत्येक बार ऐकत होता.

घरी वहिनी कुकर लावत होती. दादा ओट्यापाशी उभा राहिला. "स्प्रिंग होती," तो म्हणाला. "मी बसवलेली. तुझं काही चुकत नव्हतं."

तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "बरं झालं कळलं. नाहीतर त्या मुलीलाही वाटलं असतं, आपलंच चुकतंय."

"विकायला नको. तू पुन्हा सुरू कर."

"नको हो. आता हात ऐकत नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दादाला बरं वाटलं असतं, असं मला आजही वाटतं.

पिस्तूल द्यायच्या दिवशी मात्र वहिनी आली. मुलीच्या हाताला पिस्तुलाची मूठ तंग बसत होती. वहिनीने तिचा तळवा आपल्या हातात धरला, अंगठ्याखाली भरलेली पुट्टी कुठे घासायची ते बोटाने दाखवलं, आणि म्हणाली, "घाई करू नकोस. थोडं घास, मग धरून बघ." मग वहिनी आणि मी स्कूटरवरून घरी आलो. वाटेत मी काहीबाही बोलत होते. ती फक्त हूं हूं करत होती.