चूक दुकानाची

यादी हातात आली की काकी चष्मा कपाळावर चढवायच्या, कागद नाकाजवळ न्यायच्या आणि विचारायच्या, "कुणी लिवल्यान ही?"

यादी म्हणजे गेमिंग कॉम्प्युटर घरी जोडायचा तर त्यासाठी घ्यायच्या भागांची. प्रोसेसर कुठला, तो कुठल्या मदरबोर्डवर बसवायचा, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, सगळं एकमेकांशी जुळायला लागतं. मुलुंडच्या बाजारातल्या एका बोळात, मामेबहिणीच्या झेरॉक्सच्या दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून काकी अशा याद्या फुकट तपासायच्या. यादी कुठल्या लांबच्या दुकानाची असली तर दोन मिनिटांत परत मिळायची. समोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानाची असली तर काकी चहा बाजूला ठेवायच्या आणि पर्समधून लाल पेन काढायच्या.

तुम्हाला वाटेल, बाई परोपकारी असावी. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण तो सूड होता, आणि काकींनी तो कधी लपवला नाही.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती मी फसलो म्हणून. लहानपणी भांडुपच्या सायबर कॅफेत दुसऱ्याचा खेळ मागे उभं राहून बघण्यात माझी वर्षं गेली. नोकरीत जरा स्थिरावल्यावर ठरवलं, आता स्वतःचा कॉम्प्युटर, आणि तो स्वतःच्या हाताने जोडायचा. समोरच्या दुकानाचा मालक म्हणाला, "बिनधास्त घ्या, सगळं एकमेकांना चालतं." घरी जोडलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी सगळं घेऊन दुकानात गेलो, तर मालक चार गिऱ्हाइकांपुढे म्हणाला, "प्रोसेसर तुम्हीच जाळलात. येत नाही तर हात कशाला लावायचा?"

कान गरम झाले. खोका छातीशी धरून बाहेर आलो, तर समोरून हाक आली, "ए, इकडे ये. दाखव तो कागद."

काकींनी बिल वाचलं आणि एका ओळीखाली लाल रेघ मारली. "प्रोसेसर नंतरचा, बोर्ड आदीचो. खाचेत बसतो, पण बोर्ड त्याला ओळखत नाही. ह्यो जुनो माल खपवता मेलो. तू काय जाळलं नाहीस."

ते शेवटचं वाक्य ऐकून मला रडायला येईल असं वाटलं. मी तिशी ओलांडलेला माणूस होतो.

"आता भांडायला जाऊ नको," त्या म्हणाल्या. "शनिवारी संध्याकाळी जा. गर्दी असते. एवढंच सांग की हा प्रोसेसर नव्या बोर्डवर लावून दाखवा. चित्र आलं की विचार, चूक कुणाची. आणि उत्तर येईस्तोवर हलू नको."

शनिवारी गेलो. मालकाने टाळायला बघितलं, पण लोक बघत होते. नव्या बोर्डवर प्रोसेसर लावला आणि स्क्रीन उजळली.

"बदलून देतो," तो म्हणाला.

"द्याच. पण चूक कुणाची ते सांगा."

तो बिलाच्या वहीत बघत राहिला. मागचा एक माणूस म्हणाला, "अहो सांगा ना, आम्हाला पण घ्यायचंय." मग तो पुटपुटला, "दुकानाची."

काकी वाटच बघत होत्या. "काय म्हणाला? कसा म्हणाला? मोठ्याने की हळू? माणसं किती होती?" माझ्याकडून तीनदा सगळं वदवून घेतलं. मग जरा थांबून विचारलं, "माझं नाव काढल्यान?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या आणि पेनाचं टोपण लावलं.

त्यांच्या मामेबहिणीने मला नंतर सगळं सांगितलं. काकी त्या समोरच्याच दुकानात अकरा वर्षं काउंटरला होत्या. बिलं लिहिता लिहिता सगळं शिकल्या. एकदा त्यांनी एका गिऱ्हाइकाला यादीत योग्य ताकदीचा पॉवर सप्लाय लिहून दिला, मालकाने माल देताना पडून असलेला हलका टाकला. महिन्याभरात कॉम्प्युटरमधून धूर निघाला. गिऱ्हाईक आरडाओरडा करत आलं तेव्हा मालकाने काकींना पुढे केलं. "बाईंचं वय झालं, लिहिताना गडबड होते. बाई, हात जोडा." काकींनी हात जोडले. घरी गेल्या, जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी समोर, मामेबहिणीच्या दुकानात येऊन स्टुलावर बसल्या.

रविवारी त्या माझा कॉम्प्युटर जोडायला घरी आल्या. ब्लाऊज मापायची टेप काढून आधी कॅबिनेट आतून मोजलं, मग ग्राफिक्स कार्ड. "दोन बोटं जागा उरते. झकास." माझ्या आईशी गावच्या गप्पा मारत त्यांनी सगळ्या वायरी अशा बांधल्या की आत हात घातला तरी काही अडकू नये. गेम सुरू झाला तेव्हा खुर्ची ओढून बसल्या. इतक्या लोकांना कॉम्प्युटर निवडून दिले, पण त्यावर कुणाला खेळताना बघितलं नव्हतं.

"हा बंदूकवाला कोण?"

"शत्रू आहे, काकी."

"मग बघत काय बसलास? सरक."

माउस त्यांनी हातात घेतला आणि पुढचा तासभर सोडला नाही. प्रत्येक वेळी शत्रूला गोळी लागली की हळूच म्हणायच्या, "हात जोड." आई हसली. मी हसू शकलो नाही.

पुढे समोरच्या दुकानातली गर्दी ओसरत गेली. मालकाने माणूस पाठवून निरोप दिला की परत या, पगार वाढवतो. काकींनी सांगितलं, "पगार नको. मला जिथे हात जोडायला लावलंस तिथे उभा राहा आणि गिऱ्हाइकांपुढे खरं सांग. मी ऐकायला येते." तो काही तयार झाला नाही. मीही मग ऑफिसातल्या, नात्यातल्या, ज्याला म्हणून कॉम्प्युटर घ्यायचा असेल त्याला काकींकडे नेत राहिलो. त्यांचा राग हळूहळू माझाही झाला होता, आणि मला तो आवडत होता.

गेल्या वर्षी एका सकाळी भाजी निवडताना काकी गेल्या. हार्ट अटॅक. तेराव्याला मी त्यांच्या घरी होतो. लोकांना बसवत होतो, तेवढ्यात जिन्यात तो दिसला. समोरच्या दुकानाचा मालक. हातात पांढऱ्या फुलांचा हार, चेहरा उतरलेला.

"मला आत दोन शब्द बोलायचेत," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. त्या दिवशी चूक माझी होती. बाईंनी बरोबरच लिहिलं होतं."

मी दार मागे ओढून घेतलं.

"हे त्यांना ऐकायचं होतं," मी म्हणालो. "समोरच बसायच्या. रस्ता ओलांडायचा होता फक्त."

"निदान बाईंच्या मुलीला तरी..."

"नाही. तुमच्याजवळच ठेवा."

त्याने हार माझ्याकडे द्यायला हात पुढे केला, मी घेतला नाही. मग तो एकेक पायरी उतरत गेला. मी कठड्यावरून वाकून तो पार दिसेनासा होईपर्यंत बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आत आलो तर काकींच्या मुलीने विचारलं, "कोण होतं रे?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "मजला चुकला होता."

आईबद्दलचं मालकाचं ते वाक्य खरं तर तिच्या हक्काचं होतं. मी तिला ते अजून सांगितलेलं नाही.