रिकाम्या प्लॉटचे नंबर

नानाखेड्यामागच्या नव्या कॉलनीत मी सरकारी दवाखान्याच्या मागणीची पत्रकं वाटत होतो, तेव्हा एक नर्सबाई दिसल्या. दवाखाना केवढा लागेल हे ठरवण्यासाठी त्या घरं मोजत होत्या. दारावर खडूनं नंबर टाकायच्या, मग वहीत उतरवायच्या. रिकाम्या प्लॉटलाही सोडत नव्हत्या. कोपऱ्यातल्या दगडावर तसाच ठसठशीत आकडा.

"ताई, इथे तर बकरी बांधलीय!"

"आज बकरी आहे, भैया. दवाखाना बनेल तेव्हा बाळंतीण असेल."

"तुमचे साहेब मानतील?"

"मागच्या कॉलनीत रिकाम्या प्लॉटचे सगळे नंबर काटले. म्हणाले, हवेतली माणसं कशाला मोजता? आता तिथे बाळंतिणी दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपतात."

'आरोग्य हा प्रत्येकाचा हक्क' असं माझ्या पत्रकावर ठळक छापलं होतं. त्या प्रत्येकात न जन्मलेले मी कधी धरलेच नव्हते. दुपारच्या उन्हात ते पांढरे आकडे हलके तरंगू लागले, आणि दगडांमागे मला दारं दिसली, वाळत घातलेली दुपटी दिसली.

"आणि या वेळीही काटले तर?"

"तर परत लिहीन. साहेबांच्या सहीसाठी पोरं जन्माला यायची थांबतात काय?"

पुढच्या मोकळ्या जागेशी त्या क्षणभर थबकल्या, कुणाच्या दाराशी थबकावं तशा.