ढकलत नेलेली सायकल

मालक सायकलच्या कॅरियरवर बसले होते आणि त्यांचं डोकं सीटवर पडलं होतं. मालक म्हणजे माझा नवरा. एका हातानं मी हँडल धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या सदऱ्याची कॉलर. ती सुटली असती तर ते रस्त्यावर पडले असते. छातीत कळ येऊन चेहरा राखेसारखा झाला होता, सदरा घामानं पिळून काढण्यासारखा भिजला होता. गडमुडशिंगीहून निघून आम्ही जेमतेम उचगावच्या अलीकडं आलो होतो. कोल्हापूरचा दवाखाना अजून लांब होता. सायकल चांगली होती. चाकात हवा होती, चेनला तेल होतं. ज्याला ती चालवता येत होती तो मागं कॅरियरवर पडला होता, आणि मला ती चालवता येत नव्हती.

रस्त्याकडेला चहाचं खोपट होतं. तिथं चार-पाच माणसं बसली होती. मी लांबूनच ओरडले, "अवं, कुणीतरी या हो! ह्यास्नी झेपंना झालंय!"

"झेपंना तर एवढी घ्यायची कशाला, वैनी?" एकजण बसल्या जागेवरून म्हणाला. "आन् ती बी सकाळच्या पारी!"

"पावणं, आमच्यासाठी ठेवलीसा का सगळी संपवली?" दुसरा म्हणाला. सगळे हसले.

झेपणं हा आमच्याकडं रोजचा शब्द. पोतं झेपंना, चढ झेपंना, काम झेपंना. पण गडी सायकलवर लोंबकळतोय आणि बायको म्हणते झेपंना, तर त्याचा एकच अर्थ होतो. मी परत ओरडले, "दारू न्हाय हो! छातीत कळ आलीया!"

"झाकतीया बिचारी," तिसरा म्हणाला.

नवऱ्याचं पिणं बायको झाकतेच, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळं मी जितकं नाही म्हणाले तितकं ते त्यांना खरं वाटलं. आणि मालक शुद्धीवर होते. सगळं ऐकत होते.

त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तालमीत वाढलेला माणूस. शहरातल्या एका फौंड्रीत लोखंड ओतायचे साचे करणारे मोल्डर होते आणि कामावर रोज सायकलनं जायचे. बरोबरीचे लोक एसटीनं जायला लागले तरी ह्यांनी सायकल सोडली नाही. "सायकल म्हंजे चालती तालीम," म्हणायचे. येताना तिच्यावर काय नसायचं! म्हशीची पेंड, रॉकेलचा डबा, दळण. एकदा पुढच्या दांडीला करडू बांधून आणलं होतं. ते वाटभर ओरडत आलं.

सुट्टीच्या दिवशी मला मागं बसवून बाजाराला न्यायचे. पण गावात नाही. नवरा-बायको एका सायकलवर दिसली की पारावर बसणाऱ्यांना महिनाभराची करमणूक. म्हणून मी गावाबाहेरपर्यंत चालत जायची आणि शेवटचं घर मागं पडलं की बसायची. येताना त्याच जागी उतरायची. मग ते पुढं सायकल हातात धरून, आणि मी मागनं पिशवी घेऊन. बायकोच्या हातातली पिशवी सायकलला अडकवली तरी लोक बघतात, म्हणून सायकल रिकामी. असला आमचा मान.

मला सायकल शिकायची होती. एकदा मी तोंड उघडून सांगितलं.

"लुगड्यावर?" मालक म्हणाले.

"खोचीन की गुडघ्यापतोर. भात लावताना खोचतीयाच."

"भात चिखलात लावत्यात. डांबरीवर न्हाय."

"मग शेताकडच्या वाटंला शिकवा."

"आन् शिकून जाणार कुठं?"

नवरा धडधाकट असताना दवाखान्यात जाणार, असं कोण म्हणेल?

त्या दिवशी सकाळी घरातच त्यांची छाती भरून आली होती. ते म्हणाले, वारा धरलाय. सोडा घालून पाणी प्याले. "चार पायडल मारली की सरंल," म्हणाले आणि सायकल बाहेर काढली. त्यांना एकटं सोडवंना, म्हणून मीही गावाबाहेर जाऊन मागं बसले. अंग मोडून आलं, पोट फुगलं, डोकं धरलं, की सायकलवर रपेट मारायची आणि मोकळं व्हायचं, हेच आमच्या घरातलं औषध. आजवर ते लागूही पडलं होतं. त्यामुळं ज्या माणसानं खाटेवर पडून राहायचं तो मला मागं घेऊन चढ चढला. चढ संपल्यावर पाय टेकला आणि खाली बसला.

मैलाच्या दगडाला सायकल टेकवून मी त्यांना कसंबसं कॅरियरवर बसवलं आणि कोल्हापूरच्या दिशेनं ढकलायला लागले. चहाचं खोपट मागं पडलं. उसाचा ट्रक हॉर्न वाजवत गेला. मग एक बैलगाडी आली, बाजाराला गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, घेऊन निघालेली. मी गाडीवानाला हात जोडले.

"न्हाय बाई," तो म्हणाला. "गुळावर ओकला तर यापारी मला उभा करंल का दारात?"

"अवं, प्यालं न्हाईत."

"समदी आसंच म्हणत्यात." आणि त्यानं बैलांना हाक मारली.

हँडल माझ्या हातात वळायचं आणि सायकल खड्ड्याकडं जायची. लुगडं पायडलात अडकून टरकलं. मालक एकदाच बोलले, "सोड मला हितंच." मी ढकलत राहिले.

मग मागून एक पोरगी आली, लेडीज सायकलवर, पुस्तकं कॅरियरला लावलेली. आमच्याच बाजूच्या कुठल्या तरी गावाहून कॉलेजला निघाली असणार. ती उतरली, सरळ मालकांच्या तोंडाजवळ वाकली आणि म्हणाली, "मावशी, ह्यांच्या तोंडाला वास न्हाय. काय होतंय ह्यांना?"

एवढं बघायचं त्या खोपटातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "आता ढकलू नका. त्या झाडाखाली निजवा. मी रिक्षा आणते."

आणि सीटवर बसून ती गेली. मी तिच्याकडं बघत राहिले. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. पाय कसे भराभर फिरत होते तिचे. रिक्षा घेऊन ती परत आली तेव्हा मालकांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि श्वास चालू होता. तिनं त्यांना रिक्षात घालायला हात लावला, आमची सायकल मागच्या खोपटात ठेवून घ्यायला सांगते आणि मग कॉलेजला जाते म्हणाली. नाव विचारायचं राहिलं.

दवाखान्यातून बऱ्याच दिवसांनी घरी आलो, तर खोपटातली गोष्ट आमच्या आधी गावात पोचली होती. "पैलवान, कुठली घेतलीती? आमाला बी सांगा की!" सुरुवातीला मालक प्रत्येकाला छातीचं सांगायचे. लोक मान हलवायचे आणि गालात हसायचे. मग त्यांनी सांगणं सोडलं.

डॉक्टर पुढं म्हणाले, हळूहळू सायकल चालवायला हरकत नाही. पण मालकांनी सायकल विकली. एसटीनं जायला लागले, शेवटच्या बाकावर बसून. एके दिवशी जेवताना त्यांनी मला विचारलं, "तू झेपंना का म्हणालीस?"

"मग काय म्हणायचं हुतं?"

"काय म्हणायचं न्हवतं. गप ढकलायचं."

त्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, पण विसरलेही नाहीत. आमची पोरगी सातवी पास झाली. पुढची शाळा लांब होती आणि शेजारच्या दोन पोरी सायकलनं जाणार होत्या. आमची पण मागं लागली. मी त्या कॉलेजच्या पोरीची आठवण काढली. मालक म्हणाले, "तुझ्या हातात सायकल बघितली तेवढं पुरं झालं." पोरगी घरी बसली. ती शेतात जायची ते आठवून मला अजून वाईट वाटतं, मालकांच्या छातीतल्या कळेपेक्षा जास्त. मी तेव्हा भांडले, पण माझं चाललं नाही.

मालक त्या सकाळी मेले नाहीत. पुढं पुष्कळ जगले आणि म्हातारे होऊन गेले. मी अजून आहे.