आडवं होता येईल अशी गाडी

दर पंधरा दिवसांनी धावड्याला आमच्या दादाच्या दारात ॲम्ब्युलन्स यायची आणि तिचं मागचं दार उघडलं रे उघडलं की गल्लीतल्या बायका डोळ्याला पदर लावून जमायच्या. दादा जिवंत होता, चांगला खणखणीत बोलत होता. तरी एक म्हातारी त्याच्या पायांवर हात ठेवून असा सूर लावायची की मला घाम फुटायचा. एका खेपेला तर दोघीजणींनी वहिनीला दंडाला धरून घरात नेलं, तिनं बघू नये म्हणून! त्या दिवशी परत आल्यावर दादानं सांगून टाकलं, "मला जित्तेपणी त्या गाडीत घालू नका. मी न्हाई जात आता."

दादाचा मंडपाचा धंदा. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाचा मंडप बांधताना वरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. संभाजीनगरला ज्या डॉक्टरीणबाई त्याचा व्यायाम घ्यायच्या, त्यांनी मला बजावलं होतं, की खाडे केले तर सांधे आखडतील, पाठीला जखमा होतील, मग पुढं उशीला टेकूनसुद्धा बसता येणार नाही. आणि हा तर हटून बसलेला. बसलेला म्हणजे पडलेला. एक महिना गेला, दुसरा निम्मा गेला. वहिनी फोनवर नुसती रडायची.

मी भोकरदनला शिक्षिका आहे. रडणाऱ्या माणसांसमोर मला राग येतो, हा माझा दोष आहे. मी म्हटलं, रडू नको, गाडी घेऊ. साधी, चारचौघांच्या दारात असते तशी, पण आडवं होता येईल अशी.

अशी गाडी मिळत नाही, हा पहिला धक्का. व्हॅनमध्ये हादरे बसतात. सात सीटांच्या गाड्या उंच, खाटेवरून माणूस त्यात उचलूनच घालावा लागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाडीचा तळ खाटेच्या उंचीचा बघा, म्हणजे सरकवता येईल. शेवटी कळलं, की मला हवी होती ती स्टेशन वॅगन. म्हणजे साधी मोटारच, पण टप मागं डिकीवर नेऊन लांब केलेली. मागचं सीट पाडलं की सहा फुटांची सपाट जागा. आपल्याकडं ती फारशी खपली नाही, त्यामुळे नवी मिळायची नाही आणि जुनी शोधत फिरावं लागणार. माझ्या पाटल्या मोडून आणि ह्यांची शिल्लक घालून अडीच लाख उभे राहिले होते. त्यात बसेल ती, आणि रस्त्यात बंद पडणार नाही ती. डोंगरातल्या रस्त्यावर दादाला मागं झोपवून मी धक्का मारायला माणसं शोधतेय, असं स्वप्न मला दोनदा पडलं.

जालन्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एक सापडली. पांढरीशुभ्र, आतून अत्तराचा वास. मी विचारलं, किती चालली? दलालानं उत्तर ह्यांना दिलं. मी विचारलं, किती मालकांच्या हाताखालून आली? तेही उत्तर ह्यांना. आमच्या ह्यांना गाडीतलं इतकंच कळतं, की चाकं चार असतात. मी मोबाईलवर पाहिलं होतं, सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघावा. ओढला. शेवटची वीतभर पट्टी वाळलेल्या चिखलानं कडक झालेली. गाडी कुठल्यातरी पुरात गळ्यापर्यंत बुडून आली होती.

"पोरांनी माती लावली असंल मॅडम," दलाल पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

"पोरं पट्ट्याच्या आत शिरली होती का?"

तो हसला. मला मात्र हसू येईना. पट्टा ओढण्याआधी मी मनातल्या मनात ती गाडी घेऊन टाकली होती.

दुसरी मंठ्याला कळली. जिल्ह्याचं पार दुसरं टोक. मालक साठीचे, पायजमा-शर्टातले, कमी बोलणारे. गाडी अंगणात झाकून ठेवलेली. आम्ही ओसरीवर बसलो, सून चहा घेऊन आली आणि आमच्याकडं जे होतं तेच सुरू झालं. गाव कोणतं? मामाचं गाव कोणतं? बहिणी कुठं दिल्या? आमच्याकडं गाडी बघायची म्हणजे आधी माणूस बघायचा. तासाभरानं ह्यांच्या चुलत आत्याचे दीर त्या गृहस्थांचे साडू निघाले. मग काय विचारता! दुसरा चहा आला, चिवडा आला आणि मी कप खाली ठेवेपर्यंत ह्यांनी खिशातून इसार काढून त्यांच्या हातावर ठेवलासुद्धा.

"अहो, बोनेट?" मी म्हटलं.

ह्यांनी डोळे वटारले. सोयऱ्याच्या गाडीचं बोनेट उघडायचं म्हणजे मुलगी पाहायला जाऊन तिचे दात मोजायचे, असं त्यांचं म्हणणं. इसार दिला म्हणजे शब्द दिला. अडीच लाखांचा शब्द, आणि गाडीवरचं कापडही अजून निघालं नव्हतं! माझं डोकं फिरलं. मी उठले, कापड ओढलं, मागचं दार उघडलं, सीट पाडलं आणि साडीनिशी आत जाऊन सरळ उताणी झोपले. सुनेनं तोंडावर हात ठेवला. ठेवू दे. दादा जसा झोपणार तसं मला बघायचं होतं.

पाय पुरत होते. मान अवघडत नव्हती. आणि वर, बरोबर तोंडावर, छताच्या कापडात एक पितळी आकडा फिरवून बसवलेला होता. त्याच्या भोवतीचं कापड हात लागून लागून काळपट झालेलं.

"हा आकडा कशाचा?" मी झोपूनच विचारलं.

ते गृहस्थ मागच्या दारापाशी आले. "सलाईनचा. मंडळी आजारी होती. पोटाचं दुखणं. दोन साल ह्याच गाडीत जालन्याला नेली. तिला बसवत नव्हतं." मग म्हणाले, "रस्त्यात एकदा बी बंद पडली न्हाई. बॅटरी, टायर, इंजिनाचा पट्टा, खराब व्हायच्या आदीच बदलायचो. खर्चा बघितला न्हाई."

"मंग?"

"मंग काय ताई. गाडी येळेवर पोचली. तीच न्हाई पोचली."

मी ताडकन उठले, डोकं छताला आपटलं. ती बाई जिथं गेली, बरोबर तिथं मी पाठ टेकून पडले होते. अंगावरचा काटा बाहेर उन्हात आल्यावरही जाईना. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते गृहस्थ इसाराचे पैसे पुढं करून उभे राहिले. "खरं सांगून राह्यलो, चहाच्या आदीच बोलणार होतो. पण सोयरीक निघाली अन् राहूनच गेलं. तुमच्या मनाला येत नसंल तर हे वापस घ्या. माझा बिलकुल राग न्हाई."

मला रडू आलं, आणि रडणाऱ्याचा मला राग येतो, म्हणून मी म्हटलं, "बोनेट उघडा."

उघडलं. मी तेलाची कांडी ओढून पाहिली, रेडिएटर पाहिला, चारही पट्टे शेवटपर्यंत ओढले. त्यांच्यासोबत वाटूरच्या बाजूनं वीसेक किलोमीटर गाडी पळवून आणली. इतकी जपलेली जुनी गाडी मी तरी पाहिली नाही. येताना मी ह्यांना म्हटलं, ॲम्ब्युलन्समध्ये काय माणसं जात नाहीत? लोखंडाला कसलं सुतक? पण भोकरदनला पोचल्यावर ह्यांनी आधी आंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी धावड्याला जाऊन मी दादाला फोटो दाखवले. बाहेरून, आतून, झोपायची जागा. हा दोन वर्षं छतच बघत पडलेला माणूस, त्यानं आधी छतच पाहिलं.

"आकडा कशाचा गं बाई?"

"सलाईनचा. त्यांच्या घरी पेशंट होतं. मालकीणबाई."

"मंग?"

वहिनी दारात उभी होती. मी वर्गात पोरांना खोटं बोललं म्हणून बाकावर उभं करणारी बाई. माझ्याच तोंडातून आलं, "मंग काय, झाल्या बऱ्या. हिंडत्यात आता. म्हणूनच तर गाडी विकून राह्यले." आणि मीच हबकून गेले.

दादानं फोटो पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिले. मग म्हणाला, "दाढी करा माझी." त्या आठवड्यात तो वहिनीकडून रोज पाय हलवून घेऊ लागला. आधीच सांगून टाकते, दादा अजून उठलेला नाही. पण तो खुर्चीत बसतो, पाठीला जखम नाही आणि एकही खेप चुकत नाही. तेव्हा मात्र मला एवढंच दिसत होतं, की हे सगळं माझ्या एका थापेवर उभं आहे. मी स्वतःची समजूत घातली, की मंठा कुठं, धावडा कुठं! ह्या दोघांची गाठ कशाला पडतेय?

चुकले. सोयरीक निघाली होती ना! कागदपत्रं झाली आणि मंठ्याच्या गृहस्थांचा फोन आला, "गाडी मीच आणून देतो ताई. सोयऱ्याच्या दारात आपल्या हातानं लावायची. तुमच्या भावाला बघणं बी होईल." नको म्हणायला मला कारण सुचेना. त्यानंतर मी तीनदा फोन हातात घेतला. काय सांगणार होते? तुमच्या गेलेल्या बायकोला मी जिवंत केलंय, तेवढं सांभाळून घ्या?

ते आले. गाडी धुऊन, नारळ बांधून आणलेली. बायका जमल्या, पण ह्या वेळी पदर कुणी डोळ्याला लावला नाही, गाडीचा रंग कोणता म्हणावा यावर वाद घालत होत्या. दादानं नवा शर्ट घातला होता. पाहुणे खाटेजवळ खुर्चीवर बसले आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले तेवढ्यात दादानं विचारलं, "मामा, मामींला का न्हाई आणलं? मला भेटायचं होतं त्यांना."

ह्यांनी खाली मान घातली. पाहुण्यांनी दादाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. एकदाच. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस उठेल आणि चारचौघांत माझी शोभा करेल. करायलाच हवी होती.

"येती म्हणत होती," ते म्हणाले. "मीच म्हणलो, लई लांब हाय. सकाळीच रानात गेल्ती, अजून आली नव्हती."

"रानात जातात? चालत?"

"चालत. तिला कुठं दम धरवतो!" त्यांनी बशीत चहा ओतला. "तुम्ही एक काम करा, खेप चुकवू नका. आमी एक बी चुकवली न्हाई."

दादा हसत होता. मी ट्रे ठेवून मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

त्यांना स्टँडपर्यंत सोडायला मी एकटीच गेले. गाडीनं सोडते म्हटलं तर नको म्हणाले, परत त्यात मला बसवणार नाही. पाटीखाली उभं राहिल्यावर मी हात जोडले. म्हटलं, "माझं चुकलं. मी तुम्हाला..."

"न्हाई ताई," ते मध्येच म्हणाले. ते रस्त्याकडं बघत होते. "ती गेल्यापासून घरात तिचं कुणी नाव काढत न्हाई. मला तरास होईल म्हणून. भावकी बी काढत न्हाई. आज कुणीतरी इचारलं, ती कशी हाय म्हणून." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "सांगताना मला बी बराबर दिसली. रानातून येताना."

एस्टी आली आणि ते चढून गेले.